वही, फ्लॉपी आणि ढग : आपल्या दप्तराची पंचवीस वर्षे

स्मरणिका समितीने विषय वाटले तेव्हा बागेचा इतिहास, गणेशोत्सवाचा इतिहास, बोअरवेलचा इतिहास पटापट गेले. दप्तराचा इतिहास तेवढा उरला. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केलेली बाई म्हणून तो माझ्याकडे आला आणि मी तो हौसेने घेतला. गेल्या दोन वर्षांत हे दप्तर मी पान न् पान पाहिले आहे. ते का पाहावे लागले, तेच इथे सांगायचे आहे.

सुरुवात मात्र सोसायटीच्या जन्माच्या बऱ्याच आधीपासून करावी लागते. आपण संध्याकाळी ज्या धरणाच्या दिशेने फिरायला जातो, ते आंबी नदीवरचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, पण उपयोग झाला नाही. त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा अशा पेठांत शिरले. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. पुण्याच्या पुनर्वसनाचे काम त्यांनी स. गो. बर्वे यांच्याकडे दिले. पुढे धरण पुन्हा बांधले गेले, १९७२ मध्ये पूर्ण झाले, आणि आज त्या पाण्याला आपण तानाजीसागर म्हणतो. हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या पाण्यात भांडीकुंडी आणि माणसे गेली तसे कागदही गेले. खरेदीखते, शाळेचे दाखले, दुकानांच्या खतावण्या, भाडेपावत्या. घर कोणाचे, देणे किती, वय काय, हे सांगणारा कागदच नाही, अशी अवस्था हजारो कुटुंबांची झाली.

आपले पहिले सचिव त्यातलेच. ते नारायण पेठेत वाढलेले. पुराच्या वेळी शाळकरी वयाचे. घरातला एकही कागद वाचला नाही. वाचली ती फक्त वडिलांची विम्याची पॉलिसी, आणि तीही केवळ सदाशिव पेठेत वरच्या अंगाला राहणाऱ्या मावशीकडे विसरून राहिली होती म्हणून. ज्या धरणाने घर नेले त्याच धरणाच्या पायथ्याशी निवृत्तीनंतर प्लॉट घेऊन राहायला येणारा माणूस, म्हणजे स्वभाव कसा असेल ते बघा. सोसायटीची नोंदणी झाल्यावर पहिल्याच सभेत त्यांनी सांगून टाकले, "कागद एका घरात ठेवायचा नाही." सभासद नोंदवही म्हणजे 'आय' नमुना, सभासदांची 'जे' नमुन्यातली यादी, इतिवृत्त, भाग दाखल्यांच्या स्थळप्रती, सगळ्याची एक प्रत पानशेतच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आणि दुसरी कोथरूडला त्यांच्या मुलाकडे. झेरॉक्ससाठी पुण्याला जावे लागे, म्हणून ते कार्बन घालून लिहीत. त्यांचे अक्षर आजही मोत्यासारखे वाचता येते. त्या वह्यांबद्दल सांगण्यासारखे फार नाही, कारण त्यांनी कधी त्रासच दिला नाही.

त्रास सुरू झाला तो सोयीपासून. सोसायटीला चार-पाच वर्षे झाली असतील, एका सभासदाने आपल्या कचेरीतला जुना संगणक भेट दिला. विंडोज ९८, ऑफिस ९७, फ्लॉपीचा खण आणि पंख्याचा घरघराट. त्या काळचे भारनियमन आठवते ना? दिवे आले की सगळे मिक्सर लावायला धावत आणि आपले सचिव इतिवृत्त टाइप करायला. टाइप करून, छापून, सही करून कागद कपाटात जाई आणि कार्बन प्रतीची जागा फ्लॉपीने घेतली. 'दुसऱ्या घरी' आता फ्लॉपी जाऊ लागली. ती फ्लॉपी आपोआप बाद होईल असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

इथे मराठी टायपिंगबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले. संगणकावर भारतीय लिपी आणण्याच्या कामात आपले पुणे फार पुढे होते. १९८८ साली पुण्यात सीडॅक सुरू झाली. तिच्या जिस्ट तंत्राने आणि आयएसएम सॉफ्टवेअरने कितीतरी सरकारी कचेऱ्यांत मराठी आणले. मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनीही पुण्याचीच. तिची श्रीलिपी तर गल्लोगल्लीच्या डीटीपीवाल्यांकडे असे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते, पण व्यवहारात प्रत्येकाचा फॉन्ट आपल्या मनाने चाले. युक्ती अशी असे : संगणकाला इंग्रजी अक्षरांचे क्रमांकच ठाऊक, मग त्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवायची. फाइलमध्ये इंग्रजी अक्षर साठवलेले असे आणि फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा चढवी. मुखवटा आहे तोवर 'सभासद' दिसणार. मुखवटा काढला की डॉलर, टक्का आणि कंस यांची रांग. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. ते आले १९९१ मध्ये, आणि मंगल फॉन्टसह विंडोज २००० पासून आपल्या घरापर्यंत पोचले. पण आपला संगणक त्याच्या आधीचा होता, आणि सवयही.

फाइलीचे स्वरूप हा दुसरा मुद्दा. वर्ड ९७ पासून वर्ड २००३ पर्यंतची डॉट डॉक फाइल म्हणजे एकच गाठोडे. मजकूर, चित्रे, समास, सगळे एका विशिष्ट पद्धतीने एकत्र बांधलेले. २००७ च्या ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्टने हे स्वरूप बदलले आणि डॉट डॉकएक्स, डॉट एक्सएलएसएक्स आले. ही नवी फाइल खणांच्या डब्यासारखी असते. आत मजकुराचा खण वेगळा, चित्रांचा वेगळा, मांडणीचा वेगळा, आणि वरून सगळ्यावर झिपचे झाकण. ऑफिस २००३ ला मिळणारी मदत ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाली. आपल्या कार्यालयात ही बातमी पोचलीच नाही. जुन्या संगणकाच्या जागी नवा आला, पण फाइली तशाच पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे आल्या. नवे ऑफिस त्या उघडत होते, वरच्या पट्टीत 'कम्पॅटिबिलिटी मोड' असे लिहून येत होते, आणि ते वाचायला वेळ कोणाला?

मग २०२० आले. टाळेबंदीत पुण्याची मंडळी पुण्यात अडकली, इथली इथे. आपल्या सोसायटीची रचना तुम्ही जाणताच. निम्मे सभासद कायम पानशेतला, निम्मे शनिवार-रविवारचे, आणि काहींची मुले परदेशात बसून हिशेब विचारणारी. सचिव इथे, खजिनदार कोथरूडला. तेव्हा ठराव झाला की सगळे दप्तर क्लाउडवर ठेवायचे, म्हणजे कोणीही कुठूनही पाहू शकेल. ठराव उत्तम होता. अख्खे फोल्डर उचलून ढगात ठेवले गेले. सेवा कोणाची घेतली ते महत्त्वाचे नाही. हे दुखणे तिचे नव्हते, आपण तिच्या हातात दिलेल्या फाइलींचे होते.

पहिला दणका देखभाल शुल्काच्या वहीला बसला. ती डॉट एक्सएलएस होती. खजिनदारांनी कोथरूडला चार सभासदांचे पैसे जमा दाखवले. त्याच दुपारी सचिवांनी इथे दोघांचे दाखवले, पण पावसाने रेंज गेलेली. संध्याकाळी रेंज आली आणि ढगातल्या सॉफ्टवेअरपुढे एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली उभ्या. नव्या स्वरूपात असते तर ऑफिस आणि क्लाउड मिळून दोघांचे बदल बहुतेक वेळा एकत्र करू शकतात. जुन्या गाठोड्यावर दोघांना एका वेळी काम करताच येत नाही. मग सॉफ्टवेअर शहाण्यासारखे करते ते इतकेच, की दोन्ही प्रती ठेवते आणि एकीच्या नावापुढे संगणकाचे नाव चिकटवते. महिन्याभरात एका वहीच्या सहा वह्या झाल्या. त्यात वीज गेली की फाइलीशेजारी लाटेची खूण आणि डॉलरने सुरू होणारी एक चिमुकली फाइल मागे राहायची. ती खरे तर 'आत कोणीतरी आहे' एवढे सांगणारी कडी. ती राहिली की आत कोणी नसतानाही दार बंद. परिणाम काय, तर वेळेवर पैसे भरलेल्या एका सभासदाला थकबाकीची नोटीस गेली. वार्षिक सभेत त्यावरून जे झाले ते इथे लिहीत नाही. हजर असलेल्यांना आठवत असेलच.

पण वहीचा घोळ पैशांचा होता, पावत्या लावून तो सुटला. खरा प्रश्न इतिवृत्तांचा निघाला.

वरच्या ओळीतले एक काका गेले. त्यांच्या पश्चात प्लॉट काकूंच्या नावावर व्हायचा होता. काकू म्हणाल्या, "अहो, माझं नाव यांनी फार पूर्वीच बरोबरीने लावलंय. कमिटीचा ठराव झाला होता." दिरांच्या मुलाने लेखी हरकत घेतली, की असा ठराव कुठे आहे तो दाखवा. कपाट उघडले तर संगणकाच्या सुरुवातीच्या वर्षांची छापील इतिवृत्ते वाळवीने खाल्लेली. कोथरूडच्या घरी त्या वर्षांच्या फ्लॉप्या होत्या, त्यांवर बुरशी. उरली ढगातली डॉक फाइल, आणि तिच्याही दोन प्रती. फोनवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा काला. गंमत म्हणजे आकडे नीट दिसत. ठराव क्रमांक दिसायचा, रक्कम दिसायची, कोणाबद्दल ते कळायचे नाही. सर्चमध्ये काकूंचे नाव टाकले तर उत्तर : काहीही सापडले नाही. हरकतीच्या उत्तराची मुदत डोक्यावर. काकू रोज संध्याकाळी कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसत. काही विचारत नसत, नुसत्या बसत.

संगणक दुरुस्तीला येणाऱ्या एका मुलाने सोपा उपाय सांगितला : फाइलीच्या नावातले डॉक पुसून डॉकएक्स लिहा. कोणी तुम्हालाही हे सांगेल, म्हणून लिहून ठेवते. नुसते शेपूट बदलून आतले गाठोडे बदलत नाही. उलट वर्ड ती फाइल बिघडलेली आहे म्हणून उघडायलाच नकार देते. सुदैवाने त्याने एकाच फाइलीवर हात चालवला होता आणि शेपूट परत लावता आले.

खालच्या ओळीतली एक नात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आली होती. तिला बोलावले. तिने आधी सगळ्यांच्या संगणकांवरचे सिंक थांबवले. म्हणाली, "आजी, आधी कोणी काही सेव्ह करू नका. आता जेवढे हात लागतील तेवढ्या प्रती वाढतील." मग सगळे फोल्डर जसेच्या तसे एका वेगळ्या डिस्कवर उतरवले आणि ती डिस्क माझ्या घरी, देवघरातल्या कपाटात ठेवली. त्यानंतर जोडप्रती. कुठली खरी हे तारखेवरून ठरवायचा मोह होतो, पण सिंकच्या गोंधळात तारखा भरवशाच्या राहत नाहीत. काकूंच्या फाइलीचीच गोष्ट घ्या. नवी तारीख असलेली प्रत अर्धवट होती आणि जुन्या तारखेची पूर्ण. म्हणून प्रत्येक जोडी उघडून शेवटचा ठराव कोणता ते पाहायचे. काही शे फाइली होत्या. हे काम मी केले, ग्रंथालयात हेच तर केले आयुष्यभर.

स्वरूप बदलणे मात्र चुटकीसरशी झाले. एकेक फाइल असेल तर वर्डमध्ये फाइल, इन्फो, कन्व्हर्ट. अख्खे फोल्डर असेल तर लिब्रेऑफिस नावाचे मोफत सॉफ्टवेअर ढीगच्या ढीग नव्या स्वरूपात आणते. दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइली डॉकएक्स झाल्या, ढगात नीट चढल्या, जोडप्रती होणे थांबले. समितीला वाटले, झाले काम. पण सर्च केले तर काकू अजूनही सापडेनात. डबा नवा झाला होता, आतला मुखवटा जुनाच होता.

मग फॉन्ट बदलण्याचे काम. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी साधने मिळतात, काही फुकट, काही विकत, पण कुठला फॉन्ट आहे ते त्यांना अचूक सांगावे लागते. आपल्या फाइलींत दोन-तीन प्रकारचे फॉन्ट होते, कारण मधल्या काळात पत्रे बाहेर डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणली जात. शिवाय मध्येच खरे इंग्रजी शब्द. सरसकट यंत्र फिरवले की त्या इंग्रजी शब्दांचेही भलतेच मराठी होते. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला तर आणखी वाईट, कारण तिथे फॉन्टची ओळखच पुसली जाते आणि मराठी कुठे, इंग्रजी कुठे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वर्डमध्येच, फॉन्टप्रमाणे तुकडे निवडून बदलावे लागले.

तरीही काकू सापडेनात! तेव्हा मी नातीला म्हटले, "अगं, त्यांच्या नावात ऱ्हस्व वेलांटी आहे आणि रफारही." तिथेच गोम होती. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचे बरोबर उलटे : जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी. साधनाने या दोन्हींची अदलाबदल नीट केली नव्हती. डोळ्याला नाव जवळजवळ बरोबर, संगणकाला मात्र ते दुसरेच कोणीतरी. दुसरे साधन वापरले, वेलांट्या आणि रफार पुन्हा तपासले, आणि सर्चमध्ये नाव टाकताच ठराव समोर आला. तारीख, क्रमांक, सूचक, अनुमोदक, सगळे. त्या रात्री नऊ वाजता आम्ही दोघी काकूंच्या दारात गेलो.

आता खरे सांगायचे तर टाइप केलेली फाइल म्हणजे सही केलेला कागद नव्हे, आणि हरकत घेणाऱ्याने ते लगेच बोलून दाखवले. पण फाइलीने तारीख दिली होती. त्या तारखेवरून पहिल्या सचिवांची हाताने लिहिलेली जावक नोंदवही काढली. ती कोथरूडला होती, सुखरूप. तिच्यात काकांना ठरावाची प्रत पाठवल्याची नोंद. काकूंनी ट्रंक उपसली आणि शाल-साड्यांच्या तळाशी ती प्रत मिळाली, शिक्का आणि दोन सह्यांसह. भाग दाखल्याच्या मागची नोंदही जुळली. हरकत मागे घेतली गेली. प्लॉट काकूंच्या नावावर आहे, आणि गेल्या गणपतीत त्यांनी सगळ्यांना उकडीचे मोदक घातले.

अशा घोळात आपणच सापडलो असे वाटायचे कारण नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने, पब्लिक हेल्थ इंग्लंडने, जाहीर केले की करोनाचे जवळपास १६,००० रुग्ण आकडेवारीत आलेच नव्हते. कारण काय, तर प्रयोगशाळांची माहिती जुन्या डॉट एक्सएलएसमध्ये ओढली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत. नव्या स्वरूपात १०,४८,५७६ मावतात. वरच्या ओळी गुपचूप गळून गेल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. एवढे मोठे सरकार आणि अडकले कशात, तर आपल्या देखभाल वहीच्याच जातीच्या फाइलीत.

आणि घराजवळचे उदाहरण हवे असेल तर सातबारा. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढताना नावांत, क्षेत्रांत चुका झाल्या. त्या दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करावे लागले. आपल्यातल्या निदान चार जणांनी त्यासाठी वेल्ह्याच्या खेपा घातल्या आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, पण ताळा करायला शेवटी जुनी हस्तलिखित पानेच काढावी लागतात. आता तालुक्याचे नावही राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. जुन्या फाइलींतले 'वेल्हे' बदलू का, असे नातीने विचारले होते. मी नको म्हटले. त्या दिवशी जे लिहिले ते तसेच राहू दे, शोधताना दोन्ही नावे टाकावीत.

सध्याची व्यवस्था अशी. चालू फाइली सगळ्या नव्या स्वरूपात आणि युनिकोडमध्ये क्लाउडवर आहेत. मूळ जुन्या फाइली हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये, शिवाय प्रत्येकीची मुखवट्यासह केलेली पीडीएफ, म्हणजे फॉन्ट आतच बसवलेली. फॉन्ट नसलेल्या फोनवरही ती मराठीतच दिसते. इतिवृत्त दर महिन्याला छापून, सही होऊन दोन घरी जाते. त्यातले एक घर पुण्यात असलेच पाहिजे, हा पहिल्या सचिवांचा नियम समितीने पुन्हा लागू केला आहे. मी आणि दोन सभासद मिळून छापील प्रत आणि फाइल ताडून पाहतो. रफारांवर विशेष लक्ष असते.

एक काम मात्र अपुरे आहे. सुरुवातीचे वार्षिक अहवाल डीटीपीवाल्याने पेजमेकरमध्ये केले होते. त्या फाइली आज आपल्याकडचे कुठलेही सॉफ्टवेअर उघडत नाही, म्हणून छापील अहवाल स्कॅन करून ठेवले आहेत. त्यांत तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे अहवाल नाहीत. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा जुन्या फाइलीत सापडले तर कार्यालयात आणून द्यावेत. स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळतील.